कॅथरिन हेपबर्नच्या नाटकांच्या वाटेवर

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं आयव्हरीटन हे गाव हस्तिदंतावर वाढलं. आफ्रिकेतून बोटीने आलेले हत्तीचे सुळे इथल्या कारखान्यात कापले जायचे आणि त्यांच्या पातळ चकत्या पियानोच्या पट्ट्यांवर चढायच्या. याच कारखान्याच्या मालकांनी 1911 साली कामगारांच्या करमणुकीसाठी एक सभागृह बांधलं. पुढे 1930 च्या उन्हाळ्यात मिल्टन स्टीफेल यांनी तिथे नाटकं करायला सुरुवात केली. आज या वास्तूला आयव्हरीटन प्लेहाऊस म्हणतात. लाकडी, उतरत्या छपराची बसकी इमारत, मागे झाडी, पुढे शांत रस्ता. 1931 च्या मोसमात पुढे हॉलिवूडची तारका झालेली कॅथरिन हेपबर्न चोवीसाव्या वर्षी इथे काम करायला आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या निर्मात्यांनी तिला एकाहून अधिक नाटकांतून काढून टाकलेलं होतं.

मला आधी इथेच यायचं होतं. हेपबर्नच्या ओढीने येणारे बहुतेक जण ओल्ड सेब्रुक गाठतात, समुद्रकाठचं तिचं घर लांबून पाहतात आणि परत फिरतात. त्यांच्या मनात असते ती पडद्यावरची हेपबर्न. चार ऑस्कर, तेही सगळे प्रमुख भूमिकांसाठी. अभिनयासाठी एवढे ऑस्कर आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेले नाहीत. मीही तिला पहिल्यांदा पडद्यावरच पाहिलं आणि तिच्यावर जीव जडला. पण तिचं आत्मचरित्र आणि तिच्याबद्दलचं इतर वाचत गेले तशी माझी खात्री होत गेली, की ही बाई घडली ती नाटकात. सिनेमाने तिला डोक्यावर घेतलं आणि सिनेमानेच आपटलं. दर वेळी ती उठून गेली ती तालमीच्या खोलीत. म्हणून या प्रवासात थिएटरं बघायची, घरं जमली तर, असं मी आधीच ठरवलं होतं. हार्टफर्डला राहणारी माझी मावसबहीण गाडी चालवत होती. “ताई, ऑक्टोबरातली पानं बघायला लोक विमानं करून येतात आणि तू मला बंद थिएटरं दाखवतेस,” असं ती दर दहा मैलांनी ऐकवत होती. पानं खरोखर सुंदर होती, लाल-केशरी, रस्ताभर.

हार्टफर्डचं थोडक्यात सांगते. 12 मे 1907 रोजी ती या शहरात जन्मली. वडील हार्टफर्ड हॉस्पिटलमध्ये मूत्ररोगतज्ज्ञ होते. आई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची राज्यातली पुढारी, आणि नंतर संततिनियमनासाठी मार्गारेट सँगर यांच्याबरोबर काम करणारी. अशा घरात मुलीला ‘हळू बोल’ कुणी सांगणार नव्हतं. 1921 मध्ये थोरला भाऊ टॉम गेला. त्याला मृतावस्थेत पहिल्यांदा पाहिलं ते तिने, चौदाव्या वर्षाच्या आत. त्यानंतर कित्येक दशकं ती त्याचीच जन्मतारीख, 8 नोव्हेंबर, स्वतःची म्हणून सांगत राहिली. सीडर हिल स्मशानभूमीत हेपबर्न कुटुंबाची जागा आहे, तिथे तीही आहे. आम्ही फुलं ठेवली आणि निघालो.

आयव्हरीटनच्या सभागृहात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा लहानपणा. शेवटच्या रांगेतूनही नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा एवढंच अंतर. अशा रंगमंचावर काही लपत नाही, आणि लपवण्यासारखं हेपबर्नकडे तेव्हा बरंच होतं. 1928 मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून बाहेर पडून ती थेट बाल्टिमोरच्या नाटक कंपनीत गेली. तिथे छोटी कामं मिळाली, पण घाबरली की आवाज चढायचा आणि शब्द एकमेकांवर आदळत सुटायचे. फ्रान्सिस रॉबिन्सन-डफ या आवाजाच्या शिक्षिकेकडे ती शिकायला गेली. लगेचच एका नाटकात प्रमुख भूमिकेची संधी आली. पहिल्या प्रयोगाला ती ऐन वेळी पोचली, भराभर बोलत सुटली, कुणाला धड काही कळलं नाही, आणि तिला काढून टाकलं. नाटकाच्या धंद्यात हे नवीन नाही. पहिल्या प्रयोगाला तोंडातून गाडी सुटलेले किती तरी जण मी पुण्यातल्या एकांकिका स्पर्धांच्या विंगेत पाहिले आहेत, आणि त्यातले बरेचसे पुन्हा विंगेकडे फिरकले नाहीत. ही फिरकली. बदली नटी म्हणून महिनोन्महिने दुसरीचं काम पाठ करून बसली, पुन्हा काम मिळवलं, पुन्हा गमावलं, आणि मग या कारखान्याच्या सभागृहात उन्हाळाभर नाटकं केली. उन्हाळी कंपनीत एक नाटक संध्याकाळी चालू असतानाच दुसऱ्याची तालीम दुपारी करायची असते. आवाजाला वळण लावायला याहून चांगली शाळा नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्याच वर्षी, मार्च 1932 मध्ये, ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य नाट्यवस्तीतल्या, एका नाटकात ग्रीक दंतकथेतली अ‍ॅमेझॉन योद्धी होऊन ती खांद्यावर मेलेलं हरीण घेऊन जिन्याच्या पायऱ्या धडाधड उतरत रंगमंचावर आली. आखूड चिलखती पोशाख, उघडे लांब पाय, आणि तो आवाज, जो आता तिच्या ताब्यात होता. हॉलिवूडचं बोलावणं आलं ते या प्रवेशामुळे. त्याच वर्षी जॉर्ज क्युकर यांच्या दिग्दर्शनाखाली पहिला चित्रपट, आणि 1933 च्या ‘मॉर्निंग ग्लोरी’साठी पहिला ऑस्कर.

यानंतरचं जे वळण आहे ते मला तिच्या सगळ्या आयुष्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. हातात यश असताना 1933 च्या डिसेंबरात ती ‘द लेक’ या नाटकासाठी ब्रॉडवेला परतली आणि सपशेल पडली. भावनांच्या बाराखडीतली पहिली दोनच अक्षरं हिला येतात, अशा अर्थाची एक टोचरी ओळ लेखिका डोरोथी पार्कर यांच्या नावावर आजही सांगितली जाते. ती ओळ सगळ्यांना ठाऊक असते. नाटकाचे प्रयोग चालू असतानाच तिने नव्याने आवाजाची शिकवणी लावली, हे फारसं कुणी सांगत नाही. तिकीट काढून आलेल्यांसमोर रोज पडायचं, आणि रोज थोडं कमी पडायचं. शेवटी निर्माता जेड हॅरिस नाटक दौऱ्यावर न्यायला निघाला, तेव्हा तिने स्वतःच्या खिशातून पैसे मोजून सुटका करून घेतली.

आयव्हरीटनहून ओल्ड सेब्रुक गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मेन स्ट्रीटवर पांढऱ्या खांबांची एक जुनी इमारत उभी आहे, तीही 1911 चीच. गावाचा कारभार आणि गावाचं थिएटर, दोन्ही एका छपराखाली राहावं म्हणून ती बांधली. 2009 पासून ती ‘कॅथरिन हेपबर्न कल्चरल आर्ट्स सेंटर’ आहे. गावात सगळे तिला नुसतं ‘द केट’ म्हणतात. जेमतेम अडीचशे खुर्च्यांचं थिएटर आणि सोबत एक छोटं संग्रहालय. ऑस्करच्या बाहुल्या बघायच्या असतील तर इथे येऊ नका, त्या वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिलेल्या आहेत. इथे फोटो आहेत, पत्रं आहेत. पँट घालून, पाय पसरून बसलेली, केस कसेबसे वर बांधलेली ती. तिच्या काळात स्टुडिओवाल्यांना ज्या पँटींचा राग यायचा, त्या आता काचेपलीकडे मानाने मिरवतात. मावसबहीण इथे मात्र रमली. “हिला कुणी गप्प बसवलंच नसणार,” म्हणाली. मी तिला ‘द लेक’ची गोष्ट परत एकदा सांगितली.

गावापासून खाडीवरच्या सखल रस्त्याने फेनविकला जाता येतं. कनेक्टिकट नदी जिथे लाँग आयलंड साउंडच्या पाण्याला मिळते तिथे, लिंड पॉइंटच्या पांढऱ्या दीपगृहाजवळ, हेपबर्न कुटुंबाचं उन्हाळी घर आहे. ते आता खासगी मालकीचं आहे, आत जाता येत नाही. पण त्या जागेवर वारा कसा येतो हे अंगावर घेतल्याशिवाय 1938 चं साल कळणार नाही. मे महिन्यात चित्रपटगृहांच्या मालकांच्या एका संघटनेने जाहिरात छापली आणि ज्यांच्या नावावर तिकिटं खपत नाहीत अशा तारकांत तिचंही नाव टाकलं. गार्बो आणि डीट्रिच यांचंही होतं. हेपबर्नने आरकेओ स्टुडिओशी असलेला करार पैसे देऊन सोडवला आणि इथे येऊन राहिली. 21 सप्टेंबरला सकाळी ती पोहली, गोल्फ खेळली. दुपारी आलेल्या चक्रीवादळाने घर पायावरून उचलून नेलं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. नंतर तिने वाळूत खणून आईचा चांदीचा चहाचा संच आणि काटे-चमचे शोधून काढले, आणि त्याच जागेवर, पण उंचावर, नवं घर विटांत बांधून घेतलं.

फेनविकलाच त्या वर्षी नाटककार फिलिप बॅरी तिला भेटायला आले होते, डोक्यात एक नवं नाटक घेऊन. दहा वर्षांपूर्वी त्यांच्याच नाटकात ती बदली नटी होती आणि मध्यंतरी त्यांच्याच एका नाटकातून तिला काढलंही होतं. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ त्यांनी तिच्यासाठी लिहिलं. 28 मार्च 1939 रोजी ब्रॉडवेच्या शूबर्ट थिएटरमध्ये ते उघडलं आणि चारशेच्या वर प्रयोग झाले. तिने पगार न घेता उत्पन्नात वाटा मागितला होता. उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेसनी चित्रपटाचे हक्क घेऊन तिच्या हाती दिले, आणि तिने ते एमजीएम स्टुडिओला विकले ते मुख्य भूमिका आपलीच, या अटीवर. 1940 च्या त्या चित्रपटाने ती परत उभी राहिली. सिनेमाने टाकलेल्या नटीने नाटकाच्या जोरावर सिनेमाशी सौदा केला. तिच्या धाडसाबद्दल, पोशाखांबद्दल खूप बोललं जातं. या धंदेवाईक शहाणपणाबद्दल जास्त बोललं जायला हवं.

तिचा अनेक वर्षांचा सोबती, नट स्पेन्सर ट्रेसी, याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. दोघांचे 9 चित्रपट, शेवटचा 1967 चा; चित्रीकरण संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो गेला. माझ्या वाटेवर तो येत नव्हता, म्हणून इथे थांबत नाही.

परतताना मुद्दाम स्ट्रॅटफर्डला उतरलो. हूसाटॉनिक नदीच्या काठी 1955 मध्ये इथे शेक्सपिअर महोत्सवासाठी मोठं थिएटर उभं राहिलं होतं, बाहेरून सागवानी लाकडाचं. जानेवारी 2019 मध्ये ते जळून गेलं. आता गवताचं मैदान आहे, काठावर जुनी झाडं आहेत. पन्नाशीची हेपबर्न 1957 मध्ये इथे पोर्शिया आणि बीअट्रिस झाली, 1960 मध्ये व्हायोला आणि क्लिओपात्रा. हॉलिवूडची तारका, आणि उन्हाळाभर नदीकाठच्या कोळ्याच्या खोपटात राहायची. शेक्सपिअर तिने चाळिशी ओलांडल्यावर हातात घेतला होता: 1950 मध्ये ब्रॉडवेवर रोझलिंड, 1955 मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाटक कंपनीबरोबर ऑस्ट्रेलियाभर दौरा. टीकाकार नेहमी खूश असायचे असं मुळीच नाही. पण 1962 मध्ये पडद्यावरची ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’मधली तिची मेरी टायरोन बघा. लांबच लांब वाक्यं, एका श्वासात सुखापासून भीतीपर्यंत सरकणारी. ते बळ या मैदानावर कमावलेलं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

न्यूयॉर्कमध्ये पूर्व 49 व्या रस्त्यावर 244 क्रमांकाचं चार मजली घर बाहेरून पाहता येतं. तीसच्या दशकापासून ते तिचं होतं. शेजारी संगीतकार स्टीफन सोंडहाइम राहायचे. एका रात्री ते पियानो वाजवत बसले असता ही अनवाणी येऊन तक्रार करून गेली. जवळच डाग हॅमरशोल्ड प्लाझामध्ये तिच्या नावाची बाग आहे, 1997 ची.

तिथून पश्चिमेला चालत निघालो की 51 व्या रस्त्यावर जुनं मार्क हेलिंजर थिएटर लागतं. आज तिथे चर्च आहे, दारं उघडी असतात, आत जाऊन ते झगमगतं छत बघता येतं. डिसेंबर 1969 मध्ये बासष्ट वर्षांची हेपबर्न इथे ‘कोको’ या संगीतिकेत उभी राहिली. गाता येत नसताना! दोन वर्षांत लागोपाठ दोन ऑस्कर घेऊन घरी बसायला हरकत नव्हती. समोरच्या बाजूला तेव्हा एक मोठी इमारत चढत होती आणि बुधवारच्या दुपारच्या प्रयोगात हातोड्यांचा आवाज आत यायचा. ती स्वतः जाऊन कामगारांशी बोलली आणि तिच्या हळुवार गाण्याच्या वेळी काम थांबवायला त्यांना राजी केलं. ऑगस्ट 1970 मध्ये तिने नाटक सोडलं आणि काही आठवड्यांतच ते बंद पडलं. 1981 मध्ये, चौथा ऑस्कर देणारा ‘ऑन गोल्डन पाँड’ प्रदर्शित झाला तेव्हाही, मान आणि हात थरथरत असताना, ती ब्रॉडवेवर एथेल बॅरिमोर थिएटरमध्ये प्रयोग करत होती.

शूबर्ट तिथून सात रस्ते खाली, 44 व्या रस्त्यावर आहे. आत जायचं तर जे नाटक चालू असेल त्याचं तिकीट काढावं लागतं. मावसबहीण रांगेत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटं घेऊन आली, अगदी वरच्या बाल्कनीतली, सगळ्यात स्वस्त.