शहाणी होतीस

जर्मन लेखक झेबाल्टचं 'ऑस्टरलिट्झ', कादंबरी आहे ती, तीन आठवडे उशाशी पडून आहे आणि पहिलं पान काही उलटलं गेलेलं नाही. नुसती तयारी चाललीये. १९३८च्या डिसेंबरपासून दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत जवळजवळ १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, नाझींपासून वाचवायला आईबापांशिवाय ट्रेनमध्ये बसवून इंग्लंडला पाठवली, किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात त्याला, ते सगळं वाचून काढलं. पुस्तकातला मुलगा प्रागहून निघतो तेव्हा साडेचार वर्षांचा, वेल्समध्ये ज्या घरी जातो तिथे त्याला नवीन नाव मिळतं आणि आधीचं सगळं पुसलं जातं.

काल आईनं कव्हर बघितलं. शेतात उभा पोरगा, पांढरा राजेशाही पोशाख, पिसांची टोपी. "कुणाचं गं हे पोर? एकटंच उभं केलंय." मी सांगितलं की ते झेबाल्टला मिळालेलं कुठलंतरी जुनं पोस्टकार्ड आहे, मागे फक्त स्टॉकपोर्ट, ३० पेन्स एवढंच लिहिलेलं. तर म्हणाली, तुला सोलापूरला आत्याकडे ठेवलं होतं ना, तू पण अशीच उभी राहायचीस, फाटकापाशी.

मला सोलापूर आठवतच नाही! किती दिवस होते विचारलं तर म्हणाली, असशील महिनाभर. रात्री पोळ्या लाटताना परत विचारलं तर चार महिने झाले होते. लाटणं थांबलं नाही तिचं, जरा जोरात फिरलं. मी रडायचे का गं? "छे, शहाणी होतीस."

ते शहाणी डोक्यातून जात नाहीये. चार वर्षांचं पोर शहाणं म्हणजे काय, रडून कुणी येणार नाही हे त्याला कळलेलं असतं म्हणून शहाणं, की मी खरंच मजेत होते? बाबांचं तेव्हा जे चाललं होतं ते, जाऊ दे. डोळे मिटून फाटकाची कडी आठवून बघितली, गार, गंजकी, हाताला वास लागणारी, पण ती आत्ता मीच तयार केली असणार, आईनं फाटक म्हटलं म्हणून.

त्या मुलांशी माझी कसली तुलना, मला तर आई न्यायला आली होती. हेही खरंच आहे की. आणि तिलाही ते चार महिने काढावेच लागले असतील ना माझ्याशिवाय. आता खोदून विचारणार नाही तिला.

सकाळी बघितलं तर पुस्तक पालथं घातलेलं, कव्हर खाली. मी नव्हतं ठेवलं तसं. तसंच उचललं आणि वाचायला बसले. सुरुवातीलाच अँटवर्पच्या झूमधलं रात्री जागणाऱ्या प्राण्यांचं घर आहे, त्यात एक रॅकून सफरचंदाची एकच फोड पुन्हापुन्हा धुतोय. तिथवर पोचलेय.