पिसं कुठली गेली, ते आधी बघा

गोव्यात चवथ आटोपली, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं उतरवून झाली की कोंबड्या पिसं उतरवायला घेतात. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. सकाळी खुराडं उघडावं तर आत पिसांचा खच. मुंगूस येऊन गेलं की काय म्हणून मोजावं, तर सगळ्या जागच्या जागी. फक्त त्यांतली एक मान सोललेली, शेपूट हरवलेली अशी उभी. त्यात तिचा तुरा फिका पडून आक्रसलेला. बघणाऱ्याचं काळीज हललंच पाहिजे.

आमच्या वाड्यावरच्या काकींनी कुंपणापलीकडूनच निकाल दिला, "कितेंच जावंक ना गो तिका." म्हणजे, काहीच झालेलं नाही गं तिला. कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली की जुनी पिसं टाकून नवी घेते, आणि मग दरवर्षी घेते. यात आजार नाही. पण पिसं गेली म्हणजे दरवेळी हेच असतं असंही नाही, आणि नवख्याचा खरा गोंधळ होतो तो इथे. किती पिसं गेली यापेक्षा कुठली गेली ते बघावं. डोक्यापासून सुरुवात, मग मान, छाती, अंग, पंख आणि शेवटी शेपूट, आणि तेही दोन्ही बाजूंनी सारखं, असं असेल तर निर्धास्त राहावं. फक्त पाठच उघडी पडली असेल तर आधी कोंबड्याकडे बघा. चारच कोंबड्यांवर एक उत्साही कोंबडा ठेवला तर त्याच्या लाडकीच्या पाठीवर पिसं टिकत नाहीत. छाती-पोट उघडं आणि बाई जागेवरून हलत नसेल, हात नेला की फुगून गुरगुरत असेल, तर ती खुडूक आहे. अंड्यांना अंगाची ऊब नीट लागावी म्हणून तिने ती पिसं स्वतःच उपटली आहेत.

शेपटीखालची गेली तर मात्र तिला उलटी धरून पिसं बाजूला करावीत. पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे दिसले तर ती उवांची अंडी. लाल किडे याहून बेरकी. ते दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतातच, दांडीच्या फटीत दडून राहतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतात, म्हणून टॉर्च घेऊन जावं लागतं ते रात्री. कोंबडी मातीत लोळून आपली साफसफाई करते, पण आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने कोरडी माती आणायची कुठून? खुराड्याच्या आडोशाला जुन्या टबात कोरडी माती आणि चुलीची राख कालवून ठेवली की तो प्रश्न बराचसा सुटतो.

नवी पिसं येतात ती बघण्यासारखी असतात. आधी कातडीतून निळसर-करड्या टोकदार नळ्या वर येतात, भरलेल्या रिफिलसारख्या. फक्त आत शाई नसते, रक्त असतं. अशी नळी मोडली तर रक्त येतं आणि दुखतंही, म्हणून एरवी मांडीवर बसणारी कोंबडी या दिवसांत हात लावू देत नाही. मुलांना हे आधीच बजावून ठेवावं. पीस पुरतं वाढत आलं की नळीचं आवरण सुटू लागतं, कोंबडी ते चोचीने सोलते आणि दांडीखाली कोंड्यासारखा पांढरा भुगा पडतो.

हे चालू असताना अंडं मिळत नाही. पीस जवळजवळ सगळंच प्रथिनाचं असतं. पिसं आणि अंडी हे दोन्ही खर्च एका वेळी तिला परवडत नाहीत. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास असतात, या काळात ती २० पर्यंत गेलेली बरी. आमच्याकडे मीठ न लावलेला गालमो, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, थोडा टाकतात. कॅल्शियम या दिवसांत फारसं लागत नाही, पण कुटलेल्या तिसऱ्यांच्या शिंपा एका बाजूला असू द्याव्यात; जिला हव्या ती टिपते.

पिसं गाळायची खूण मिळते ती मुख्यतः दिवस लहान होण्यातून. थंड देशांत दिवस झपाट्याने आखडतो. गोव्यात सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या आसपास आणि सगळ्यात लहान सव्वाअकराच्या, त्यामुळे इथल्या कोंबड्या एका सुरात पिसं गाळत नाहीत. दिवाळीत एक भुंडी, नाताळात दुसरी. खुराड्यात बल्ब लावून दिवस लांबवला की अंडी चालू राहतात, असं सांगणारे भेटतात आणि ते खरंही आहे. मी लावत नाही. मोठ्या फार्मांवर तर याच्या उलट, कोंबड्यांना उपाशी ठेवून एकदमच पिसं गाळायला लावायची रीत होती; २०११ साली भारतीय प्राणी कल्याण मंडळाने ती कायद्याविरुद्ध असल्याचं कळवलं. घरच्या चार कोंबड्यांचं असं काय अडलंय? दोन-तीन महिने पोदेराकडून पावाबरोबर अंडीही घ्यावीत.

या दिवसांत घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्या सोललेलीकडे बोट दाखवून म्हणतो, हिची शाकुती करून टाका, आता हिच्यात काही राहिलेलं नाही. जुन्या कोंबडीवाल्यांचा हिशेब नेमका उलटा. जी उशिरापर्यंत अंडी देत राहते आणि मग एकदमच सगळी पिसं टाकून आठ-दहा आठवड्यांत उरकते, ती पक्की कामाची. नंतर तिची अंडी बहुधा आधीपेक्षा मोठी आणि जाड कवचाची येतात. पावसातच गाळायला लागलेली, चार-चार पिसं टाकत महिनोन् महिने नीटनेटकी दिसणारी जी असते, तिने अंडी कधीच बंद केलेली असतात. शाकुतीच करायची तर बोट तिच्याकडे दाखवायला हवं. मी अजून दाखवलेलं नाही. माडाच्या बुंध्याची वाळवी तिच्याइतकी मन लावून दुसरी कोणी खात नाही.