तुम्ही विचारलंत म्हणून: भक्तपूर कमी पैशात होतं का?

नेपाळला निघालेलं कुणीही मला हे दोन प्रश्न विचारतंच, काठमांडूजवळचं जुनं गाव भक्तपूर कमी पैशात होतं का आणि गावात शिरायचं ते एंट्रीचं तिकीट चुकवून आत जाता येतं का. पहिल्याचं उत्तर हो, आरामात. दुसऱ्याचंही हो, कारण गल्ल्या चिक्कार आहेत आणि सगळीकडे काउंटर नाही. पण प्लीज चुकवू नका.

मी गेले तेव्हा सार्क देशांतल्या, म्हणजे भारतासकट दक्षिण आशियातल्या लोकांना 500 नेपाळी रुपये होते, म्हणजे आपले तीनशेच्या थोडे वर, आणि बाकी परदेशी लोकांना 1800. हा पैसा नगरपालिकेकडे जातो आणि त्यातून देवळं, पाट्या (म्हणजे वाटसरूंना टेकायला बांधलेले छपराचे ओटे), विहिरी दुरुस्त होतात. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात दरबार चौकातलं वत्सला देवीचं दगडी देऊळ पूर्ण कोसळलं होतं, ते आता परत उभं आहे, आणि इथली बरीच कामं ठेकेदाराला न देता गावातल्याच लोकांच्या समित्या नेमून, तिथल्याच सुतार-पाथरवटांकडून करून घेतलीत. मला ह्या गावाचं हेच सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून तीनशे रुपये वाचवायची जागा ही नाही असं मी सगळ्यांना सांगते. जास्त दिवस राहणार असाल तर तिकीट घेतानाच सांगा, मुदत वाढवून देतात.

वाचवायचं ते टॅक्सीत वाचवा. काठमांडूत बागबझारहून लोकल बस मिळते, अंतर 13 किलोमीटरच्या आसपास, भाडं अगदी किरकोळ. आणि मुख्य म्हणजे डे ट्रिप करू नका, गावातच साध्या गेस्टहाऊसमध्ये मुक्काम करा, कारण दुपारी टूरच्या गाड्यांची गर्दी असते आणि संध्याकाळी ती ओसरली की चौक गावच्या लोकांचा होतो, म्हातारी माणसं पाटीवर गप्पा मारत बसतात, कुठेतरी भजन सुरू होतं.

न्यातपोलच्या पायऱ्यांवर तर तासभर बसा, पैसे लागत नाहीत. राजा भूपतींद्र मल्लाने 1702 मध्ये बांधलेलं पाच छपरांचं हे देऊळ 2015 लाही उभं राहिलं. खाली दोन पहिलवान, सामान्य माणसाच्या दहापट ताकदीचे म्हणे, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, मग बाघिनी-सिंघिनी या देवी, प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान, आणि सगळ्यांच्या वर सिद्धिलक्ष्मी, जिचं दर्शन फक्त पुजाऱ्यांना होतं. त्या पहिलवानांच्या मिशा नीट बघून या, काय कोरल्यात!

खाण्याला तर काहीच खर्च नाही. बारा म्हणून डाळीची जाड धिरडी मिळतात, गरम गरम घ्या, सोबत कोरडे पोहे आणि बटाट्याची झणझणीत भाजी. जुजू धौ मात्र दोनदा खा. म्हशीच्या दुधाचं गोड दही, मातीच्या वाडग्यात लावलेलं, चमचा उभा राहील इतकं घट्ट, कडेचं जरा खरवडून खायचं. कुंभारांच्या चौकात सकाळी लवकर गेलात तर ओली भांडी ओळीने उन्हात मांडताना दिसतात, त्यांच्या मधून चालताना पाय जपून टाका.

आपल्या शंभराचे तिकडे एकशे साठ होतात. आपल्या शंभरच्या नोटाच जास्त ठेवा. आणि विमानाने जात असाल तर आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र घ्या.