पिंपातली सीगल

कोल्हापूरकराची आणि आउटबोर्ड मोटरची गाठ बहुधा महापुरातच पडते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर चढले, आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळ तालुक्यापर्यंतची गावे वेढली गेली आणि जिथे रस्ते होते तिथून रबरी बोटी जाऊ लागल्या. त्या बोटींच्या पाठीमागे लटकणारे, अर्धे पाण्यात बुडालेले यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटर. माझ्या नातीने ते केवळ मोबाइलवरच्या चित्रफितींत पाहिले होते. त्यामुळे मालवणकडच्या एका भंगारवाल्याकडून मी जुनी मोटर उचलून आणली, तेव्हा तिने लगेच तिचे बारसे करून टाकले: पुराचं इंजिन.

वास्तविक ही मोटर पुरासाठी जन्मलेली नव्हे. ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने 1909 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात अशी मोटर बनवून विकायला सुरुवात केली, तेव्हा सरोवरात वल्ही मारून दमणारा हौशी माणूसच त्याच्या डोळ्यांसमोर असणार. आमची मोटर मात्र इंग्लंडमधल्या पूल गावची, ब्रिटिश सीगल कंपनीची आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने या कंपनीच्या मोटारी मोठ्या संख्येने घेतल्या होत्या, आणि नंतर बनलेल्या मोटारींतही तो लष्करी साधेपणा टिकून राहिला. इंजिनावर झाकण नाही, वर पितळी टाकी, उघडे फिरते चाक, आणि त्या चाकाच्या खाचेत गाठ अडकवून हाताने गुंडाळायची दोरी. कोल्हापूरच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात शेतीपंपांच्या इंजिनांमध्ये ज्याची हयात गेली त्या माझ्यासारख्याला असे यंत्र पाहिले की बरे वाटते, कारण त्यात लपवाछपवीला जागा नसते.

सगळ्यात अधिक काळ बोल्टांनी खाल्ला. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरून बोल्ट जागीच घट्ट बसतो. पान्याला पाइप लावून जोर केला तर बोल्टाची मान तुटते, आणि मग ड्रिल मारून नवे आटे पाडण्याचे काम मागे लागते. त्यापेक्षा रोज थोडे पातळ तेल सोडावे, हलक्या हातोडीने टकटक करावी, शेवटी बाहेरचे ॲल्युमिनियम तापवावे. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे बोल्टाची पकड सुटते. नातीला हा बेत मुळीच पटला नाही. 'आजोबा, एकदा जोर लावून बघू की,' हे पालुपद तिने बरेच दिवस चालू ठेवले. मात्र पहिला बोल्ट फिरला तेव्हा पाना तिच्याच हातात होता, आणि त्यानंतर तेलाची कुपी तिने मला परत दिली नाही.

'ह्याची बॅटरी कुठाय?' हा तिचा प्रश्न मला सर्वांत आवडला. ज्या मुलीने खेळण्यापासून स्कूटरपर्यंत सगळे काही चार्ज होताना पाहिले आहे, तिला बॅटरीविना पेटणारे इंजिन ही लबाडीच वाटणार. म्हणून मॅग्नेटो उघडून दाखवला. फिरत्या चाकाला आतून चुंबक बसवलेले असतात. ते तारेच्या गुंडाळीजवळून वेगाने गेले की तिच्यात वीज निर्माण होते, आणि नेमक्या क्षणी सीबी पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारी दोन छोटी टोके, उघडून तो प्रवाह तोडतात. प्रवाह असा तुटला की शेजारच्या बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगपाशी ठिणगी पडते. हे मी आयुष्यभर केले होते, पण 'प्रवाह तोडल्यावर वीज वाढते कशी?' असे मला कुणी विचारले नव्हते. शिकाऊ पोरे 'बरं मिस्त्री' म्हणून पुढे जात. उत्तर देताना मला फॅरेडेपर्यंत मागे जावे लागले आणि जेवण थंड झाले.

पॉइंट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, रॉकेलने धुतले, फिलर गेजने सुमारे अर्धा मिलिमीटर फट ठेवली आणि कंडेन्सर नवा घातला. दुपारी गॅरेजचे दार ओढून अंधार केला, प्लगचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून धरले आणि चाक फिरवले. ठिणगी निळी पडली. पिवळसर पडली असती तर तिच्यात दम नाही असे समजावे, हे मी सांगेपर्यंत तिने 'निळी हाय!' म्हणून आरोळीही ठोकली होती.

रंगावरून आमचे भांडण झाले. तिला टाकी आरशासारखी आणि दांडा भगवा हवा होता. जुन्या यंत्रावरचे वळ घासून काढू नयेत असे माझे मत आहे, कारण चकचकीत केलेली जुनी वस्तू मला भिंतीवर टांगण्याच्या लायकीची वाटते, चालवण्याच्या नव्हे. अखेर टाकी तिच्या मनासारखी झाली आणि दांडा माझ्या.

असली मोटर कोरडी चालवू नये. तिचा पंप नदीचेच पाणी वर ओढून सिलिंडरभोवती फिरवतो आणि परत सोडून देतो. नदीकाठच्या शेतीपंपांची इंजिनेही आम्ही पंपाच्याच पाण्यावर गार ठेवत असू. म्हणून परसात पाण्याने भरलेले पिंप ठेवले, त्याच्या काठाला जाड फळी बांधून मोटर लटकवली. दोरी ओढायची मी, कार्बोरेटरच्या फ्लोटची पिन दाबून पेट्रोल चढवायचे तिने, अशी वाटणी झाली. मोटर पेटली तेव्हा शेजारच्या गच्चीवरून 'काय जळतंय?' अशी विचारणा झाली, कारण धूर खरोखरच भयंकर होता. या जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑईल लागते. आमच्या काळातल्या स्कूटरला दोन टक्के ऑईल पुरे, म्हणजे लिटरला 20 मिली. इथे लिटरला 100 मिली. शिवाय असले टू-स्ट्रोक इंजिन काही इंधन न जाळताच बाहेर टाकते.

मोटर बंद केल्यावर पिंपातल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला. मी रंकाळ्यावर एखादी फेरी मारायची परवानगी कुणाकडे मागावी, या विचारात होतो. नात तवंगाकडे बघत म्हणाली, 'रंकाळ्यात नको हं. आधीच किती घाण हाय तिथं.' जलपर्णी आणि सांडपाणी यांनी त्या तलावाचे काय केले ते आम्ही दोघेही पाहत आलो आहोत, तेव्हा वाद घालण्यासारखे काही नव्हते. राधानगरीचा जलाशय मी सुचवून पाहिला. तिथले पाणी भोगावतीतून खाली येऊन अखेर पंचगंगेलाच मिळते, हे तिला शाळेत शिकवले होते. तवंग आम्ही वखारीतल्या भुशाने टिपून घेतला.

सीगलच्या क्लॅम्पवर बॅटरीची मोटर बसवता येईल का, याचा हिशेब तिने आता वहीत मांडला आहे. मला हा प्रकार बाटगा वाटतो आणि तसे मी तिला स्पष्ट सांगितले आहे. क्लॅम्पचे माप मात्र लेथवाल्या टर्नरकडे देऊन ठेवले आहे.