घरी श्रावण, बेतीला चणक

आम्ही कोल्हापूरकर. मासे खायला गेलो तरी शेजारच्या टेबलावर तांबडा-पांढरा आला की मान तिकडे वळतेच. त्यामुळे "नवीन फिश हॉटेल उघडलंय, ये" असा पणजीहून मित्राचा निरोप आला, तेव्हा मी गाडी काढली ती खरं तर आंबोलीच्या पावसासाठी. आजरा सोडलं आणि वायपरने हात टेकले. घाट उतरून बांद्याला चहा घेतला, पत्रादेवीला गोव्यात शिरलो, तोवर कपडे अंगावरच वाळले होते.

होस्टेलवर आम्ही त्याला पणजीकर म्हणायचो. राहतो रायबंदरला. पोचलो तो सोमवार, आणि महिना श्रावण. त्याची आई कडक. घरात कांदा-लसूणही बंद. हा मात्र मला अंगणातच गाठून म्हणाला, "श्रावण घरचा रे. सोमार तेवढा माझा." म्हणजे सोमवारी हा बाहेरही शिवराक, शाकाहारी, बाकी वारांना घराचा उंबरा ओलांडला की मोकळा. मंगळवारी त्याला ऑफिसात उशीर झाला. बुधवार उजाडला.

गोव्यातल्या हिंदू मासेखाऊची ही दरवर्षीची परवड आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. तेवढे दिवस सुका बांगडा आणि सुक्या मासळीच्या किसमुरीवर काढायचे. मग ट्रॉलर सुटणार, बाजार भरणार, आणि नेमकं पंचांग आडवं येणार! बरेच कोळी तर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटतच नाहीत, पण मालीमच्या जेटीवर तेवढा धीर कुणाला नसतो.

ते नवं हॉटेल होतं मांडवीपलीकडे, बेतीला. पुलावरून गाडीने पाच मिनिटांत गेलो असतो, पण पणजीकराने गाडी अलीकडेच लावायला लावली आणि फेरीबोटीत चढवलं. पायी माणसाला तिकीट नाही. मांडवी चॉकलेटी झाली होती, मधोमध कॅसिनोच्या बोटी दिवे लावून उभ्या, मागे आदिलशहाच्या वाड्याची लांबलचक कौलं. पलीकडे लोखंडी फळी धाडकन पडली आणि डिझेल आणि ओल्या जाळ्यांचा वास एकदम नाकात शिरला.

हॉटेलाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. मेनूकार्डावर निम्म्या माशांसमोर किंमतच नाही, 'ॲज पर साइज' एवढंच. पणजीकराने सवयीने विचारलं, "आयज ताजें कितें आसा?" वेटर ओडिशाचा. तो गोड हसला आणि हिंदीत म्हणाला, साहेब, सगळंच फ्रेश. मग ताट मागवलं. बर्फावर इसवण म्हणजे आपली सुरमई, तांबोशी, दोन शेवटे आणि एक चणक. चणक म्हणजे आपल्या अलिबागकडचा जिताडा, हे मला त्या दिवशी कळलं. पणजीकराने अंगठ्याने कल्ला उचलला. आत डाळिंबासारखा लाल. डोळा फुगीर, काचेसारखा. पोटावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून आला. इसवणाचा कल्ला मात्र विटकरी निघाला, त्यावर तो काही बोललाच नाही, ताट नुसतं थोडं सरकवलं. चणक ठरला, सव्वा किलो.

आधी बांगड्याचं हुमण आलं. केशरी रसा, त्यात तिरफळं. तिरफळ चावायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं, तरी एक दाताखाली आलंच. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेचं टोक हळूहळू बधिर. त्या बधिर जिभेवर बांगड्याचा तुकडा आणि नारळाचा रस. काय सांगू! आमच्या कटाला मी आयुष्यात प्रथमच बेइमान झालो. पण सोबत भात बासमती! पणजीकराचा चेहरा पडला. गोव्याचा जाडा उकडा भात मागितला, तर तो फक्त स्टाफसाठी होता. मग स्टाफचाच आणवला.

चणक रवा लावून आला. रव्याचा थर चिलखतासारखा, आतला मासा मात्र लोण्यासारखा आणि वाफाळता. सहा तुकडे. पणजीकराने मोजले, पुन्हा मोजले आणि विचारलं, "तकली खंय?"

डोकं कुठे गेलं? वजनात होतं, ताटात नव्हतं. वेटर म्हणाला, पाहुणे खात नाहीत म्हणून काढून ठेवतो. पणजीकर थेट स्वयंपाकघरात. पाच मिनिटं आतून कोंकणी ऐकू येत होती, आधी चढ्या आवाजात, मग हसणं. आतली बाई कारवारची निघाली. वीस मिनिटांनी चणकाची तकली नारळाच्या रशात आली, आणि ती आम्ही हाडं चोखून संपवली. गालफडाचा मऊ तुकडा त्याने न मागता माझ्या ताटात ठेवला. मैत्री म्हणजे काय ते मला विचारा.

बिल जबर आलं. नव्या हॉटेलाचा थाट, नदीचं दृश्य, सगळं त्यात होतं. परतीच्या बोटीत पणजीकराने लिंबाची फोड बोटांना घासली, बडीशेप चावली, मलाही चावायला लावली.

घरी आई जाग्याच होत्या. ओट्यावर मुगागाठी, मोडाच्या मुगाची उसळ, झाकून ठेवलेली. "जेवून आलो," एवढंच आम्ही म्हणालो. त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"चणक?"

आम्ही गप्प.

"ताजो आशिल्लो?"

"व्हय," पणजीकर पुटपुटला.

"कितल्याक?"

त्याने बरोब्बर निम्मा आकडा सांगितला.

"इतलो म्हारग!" म्हणत आईंनी कपाळाला हात लावला.