ई३ मध्ये वी आणि प्लेस्टेशन ३

सकाळी दारं उघडली आणि माणसं पळतच सुटली, सोनीच्या दालनातून थेट निन्टेंडोकडे! लॉस एंजेलिस कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मे २००६ च्या ई३ ला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या मोठ्या प्रदर्शनाला, सगळ्यात लांब रांग निन्टेंडोच्या वी या नव्या गेम कन्सोलसाठीच. मीही तासन्‌तास उभा राहिलो आणि ते सार्थकी लागलं. टीव्हीच्या रिमोटसारखा कंट्रोलर हातात धरून टेनिसचा फटका मारला, की पडद्यावरचा खेळाडूही रॅकेट फिरवतो. बटणं समजावून सांगावी लागतच नाहीत. नाशिकची माझी आई, जिने कधी गेमला हात लावला नाही, तीसुद्धा हे सहज खेळेल. चित्रांच्या बाबतीत वी सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या पासंगालाही पुरत नाही, हे मात्र खरं.

प्लेस्टेशन ३ बघून डोळे दिपतात. पण तेव्हा जाहीर झाल्याप्रमाणे २० जीबीचं मॉडेल ४९९ डॉलरला, ६० जीबीचं ५९९ ला! ब्लू-रे ड्राइव्ह (खूप डेटा मावणाऱ्या डिस्क वाचणारा) आणि सेल प्रोसेसर (कन्सोलचा मेंदू) स्वस्तात येत नाहीत, मान्य. तरी घरभाडं भरणाऱ्याने काय करायचं? शिवाय नव्या कंट्रोलरला तो कुठे कलला ते कळतं, पण कंपन काढून टाकलंय. गाडी आदळल्यावर हाताला बसणारा हादरा मला हवाच आहे.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ पासूनच दुकानात होता, तिथे फार रेंगाळलो नाही. वीची किंमत तेव्हा अजून जाहीर व्हायची होती, पण माझे पैसे वीसाठीच.