तुम्ही विचारलंत म्हणून: आठवड्याला किती किलोमीटर?

मी लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवते असं कळलं की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "दुखापत होऊ नये म्हणून आठवड्याला किती किलोमीटर पळवता?" विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. मी तो देत नाही. का देत नाही, हे घाईघाईत सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

पळायला लागलेलं शरीर सगळीकडे सारख्या वेगाने तयार होत नाही. थोड्या दिवसांतच रक्ताचं प्रमाण वाढायला लागतं, काही आठवड्यांत दम टिकतो, स्नायूही लवकर साथ देतात. टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते तयार व्हायला महिने लागतात. आणि हाडाची तर तऱ्हाच वेगळी. ताण वाढला की हाड आधी स्वतःचाच जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. पोखरायला काही आठवडे पुरतात, नवं हाड भरून घट्ट व्हायला काही महिने जातात. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कमजोर असते. आणि नेमका तेव्हाच धावपटू येऊन सांगतो, "मॅडम, आता मस्त जमायला लागलंय, वाढवूया का?"

त्यामुळे नवीन मुलामुलींची मला पहिल्या आठवड्यात फारशी काळजी वाटत नाही. दुसऱ्या महिन्यात वाटते. एका किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात आणि प्रत्येक पाऊल वजनाच्या दोन ते तीन पट जोराने जमिनीवर येतं. दम वाढला म्हणून 10 किलोमीटरचे 15 केले, तर फुफ्फुसं कुरकुरत नाहीत. नडगीवर मात्र प्रत्येक पायाला अडीच हजार पावलांचा भार वाढलेला असतो.

मग दर आठवड्याला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, हा नियम? नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंचे दोन गट करून तो तपासला होता. एका गटाचं पळणं या नियमाने हळूहळू वाढवलं, दुसऱ्याचं नेहमीच्या पद्धतीने. 2008 साली निकाल आला: दोन्ही गटांत दर पाचांतला साधारण एक जण जखमी. पुढे 2025 मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदींवरून जे दिसलं, ते मला मैदानावरच्या अनुभवाशी जास्त जुळणारं वाटतं. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखाद्या दिवशी घेतलेली उडी जास्त महागात पडते. म्हणून मी वहीत प्रत्येकाचा गेल्या 30 दिवसांतला सगळ्यात लांब रन वेगळा लिहून ठेवते. तो 12 किलोमीटरचा असेल तर पुढचा 13 च्या आसपास. ग्रुपमधले सगळे 18 करणार आहेत, हे कारण चालत नाही. या एका गोष्टीवर मी खरंच कडक आहे.

इथे कुणीतरी आर्थर लिडियार्डचं नाव काढतंच. न्यूझीलंडचे हे प्रशिक्षक पायाभरणीच्या काळात धावपटूंना आठवड्याला 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर पळवायचे, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली. खरं आहे. पण ती मुलं तिथवर वर्षानुवर्षांच्या पळण्याने पोचली होती. त्यांचा नुसता आकडा उचलायचा आणि वर इंटरव्हल्स, म्हणजे मध्ये थांबत जोरात पळायचे तुकडे, रचायचे, याला लिडियार्डची पद्धत म्हणू नका. सोप्या दिवशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग कमी करा, घड्याळ काहीही दाखवो.

आता रोजचं काम. "दुखतंय का?" असं मी विचारत नाही, कारण स्पर्धा जवळ आली की सगळे "नाही" म्हणतात. मी विचारते, "सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं कशी पडली?" टाच किंवा टाचेमागची शीर कुरकुरत असेल तर ती इथे सापडते. पहिल्या किलोमीटरला दुखतं आणि मग मोकळं होतं, या सांगण्यावर तर मी अजिबात निर्धास्त होत नाही. टेंडन बिघडायला लागलं की सुरुवातीला असंच वागतं.

नडगी दुखत असेल तर बाकावर बसवते आणि आतल्या कडेने, घोट्यापासून वर, अंगठा दाबत नेते. चार-सहा बोटं रुंदीची पट्टी हुळहुळी लागली तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे नडगीच्या कडेचं ताणाने येणारं दुखणं. पळणं कमी करून आणि पोटऱ्यांचा व्यायाम देऊन ते सहसा आटोक्यात येतं. पण अंगठा एकाच जागी गेल्यावर पाय झटकन मागे घेतला, रात्री झोपेतही ठणकतं असं कळलं, की पळणं त्याच क्षणी बंद आणि डॉक्टर. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा, सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. "एक्स-रे क्लीन आहे" म्हणून सरावाला आलेल्याला मी परत पाठवते आणि एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगते.

शूजबद्दल थोडक्यात: पायाला आरामदायक वाटतील ते घ्या. स्ट्रेचिंगने अशा दुखापती टळतात असं दिसलेलं नाही. ताकदीच्या व्यायामाचा मात्र उपयोग होतो. अनेक अभ्यास एकत्र पाहणाऱ्या 2014 च्या एका आढाव्यात त्याने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशापेक्षाही कमी झालेल्या दिसल्या. म्हणून आठवड्यातून दोनदा, वजन घेऊन, टाचा उचलणं आणि स्क्वॉट्स सगळ्यांना सक्तीचे.

आणि खाणं. मुलींच्या पालकांशी मी हे स्पष्ट बोलते. पळणं वाढलं, जेवण तेवढंच राहिलं आणि पाळी थांबली, तर तो तयारी चांगली झाल्याचा पुरावा नाही. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाहीये आणि हाडांची घनता कमी व्हायला लागू शकते. मुलांमध्येही हे होतं, फक्त पाळीसारखी ठळक खूण नसते. अशा वेळी किलोमीटर कमी करून भागत नाही. जेवण वाढवावं लागतं, डॉक्टरांना दाखवावं लागतं. आणि अशी मुलगी जांघेत खोलवर दुखतंय म्हणाली, तर दोन दिवस बघूया असं मी म्हणत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा गेलेला असू शकतो, आणि तो सरकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते, पायावर शक्यतो भार न देता.